पीआयसी सिम्युलेशनमध्ये घनता स्थिरावत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

कमी तापमानाच्या प्लाझ्माचं कणांच्या पातळीवरचं सिम्युलेशन करायला आज सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. बुडापेस्टच्या विग्नर संशोधन केंद्रातल्या झोल्टान डोन्को आणि सहकाऱ्यांचा ‘एडुपिक’ २०२१पासून खुला आहे. बर्कलीच्या लॉरेन्स लॅबचा ‘वॉर्पएक्स’ आहे, प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा लॅबचा ‘एडिपिक-२डी’ आहे. एडुपिक तर एका फाइलीत मावतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. कोड कुठलाही असो, विद्यार्थी घेऊन येतात ती तक्रार ठरलेली: रन चालू आहे, एरर काही नाही, पण घनता थांबायचं नाव घेत नाही.

ही तक्रार इतक्यांदा सोडवून झाली आहे की प्रश्नांचा क्रम आता तोंडपाठ आहे. पुढचं सगळं दोन समांतर इलेक्ट्रोडमधल्या, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आर्गॉन किंवा हीलियमच्या डिस्चार्जला धरून लिहिलं आहे. पार्टिकल-इन-सेल, म्हणजे पीआयसी (ग्रिडवर क्षेत्र काढून त्यात कण सरकवायची पद्धत), आणि जोडीला मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे रँडम आकड्यांनी ठरवलेल्या टकरी, अशी जी काही रचना तुम्ही वापरत असाल तिला बहुतेक भाग लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. घनता चढते हा दोष नव्हे. ती वायूतल्या आयनीकरणामुळे चढते आहे की आपल्या ग्रिड-टाइमस्टेपमुळे (जागेचे आणि वेळेचे आपण पाडलेले तुकडे), एवढंच शोधायचं आहे. हे वेगळं न करता थेट कोड उघडून बसणारे आठवडे घालवतात.

लक्षणं

- हजारो आरएफ सायकल (रेडिओ-फ्रिक्वेन्सी व्होल्टेजची आवर्तनं) झाल्या तरी सुपरपार्टिकलची (अनेक खऱ्या कणांच्या बदली धरलेला एक कण) संख्या वाढतेच आहे, शेवटी मेमरी संपून जॉब मरतो.
- वाढ एकदा मंदावते आणि काही काळाने पुन्हा वेग घेते. सगळ्यात संशयास्पद लक्षण हेच.
- संख्या स्थिरावते, पण ग्रिड बारीक केला किंवा कण वाढवले की घनता वेगळीच येते.
- उलट प्रकार: पहिल्या काही सायकलमध्येच इलेक्ट्रॉन संपतात, प्लाझ्मा पेटत नाही.

पोटेन्शियलमध्ये आकड्याऐवजी ‘नॅन’ दिसत असेल तर ते दुखणं वेगळं. बहुधा एखादा कण ग्रिडच्या बाहेर जाऊन अ‍ॅरेची हद्द ओलांडतो आहे. त्यासाठी डीबगर उघडा, ही पोस्ट नको.

आधी थांबा, आणि आलेख काढा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे वाट पाहणं. एक आरएफ सायकल सुमारे ७४ नॅनोसेकंदांची. हजार सायकल म्हणजे जेमतेम ७४ मायक्रोसेकंद. इलेक्ट्रॉन तेवढ्यात कित्येकदा इकडून तिकडे जाऊन येतात, पण घनता किती राहायची हे ठरवतात सावकाश सरकणारे आयन. दाब जास्त असेल तर ते आणखी रेंगाळतात.

किती थांबायचं याचा अंदाज घ्यायला एक चांगला दाखला आहे. माइल्स टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हीलियमच्या डिस्चार्जसाठी चार प्रमाण-चाचण्या प्रसिद्ध केल्या. पाच स्वतंत्र कोडनी त्या चालवून एकमेकांशी जुळणारी उत्तरं दिली. सर्वांत कमी दाबाच्या चाचणीला १२८० सायकल पुरल्या. सर्वांत जास्त दाबाच्या, म्हणजे १३३ पास्कलच्या चाचणीला १५३६० सायकल लागल्या, दर सायकलला ३२०० टाइमस्टेप. तेव्हा पाचशे सायकलनंतर ‘थांबत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

एडुपिकमध्ये दर सायकलची कणसंख्या ‘कॉन्व्ह’ नावाच्या फाइलीत लिहिली जाते. ती थेट रेखाटा. वक्र हळूहळू सपाट होत असेल तर रन चालू ठेवा, बाकीचं वाचायची गरज नाही. जोडीला एक हिशेब करा: एका सायकलमध्ये झालेली आयनीकरणं आणि त्याच सायकलमध्ये दोन्ही इलेक्ट्रोडवर शोषले गेलेले आयन. स्थिर अवस्थेत हे दोन आकडे, अनेक सायकलची सरासरी घेतली की, सारखे यायला हवेत. त्यांच्यातला फरक कमी होत असेल तर प्लाझ्मा नुसता वेळ घेतो आहे. फरक वाढत असेल तर पुढे वाचा.

इनपुटमधली एककं

पाच मिनिटांचं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

दाब पास्कलमध्ये हवा आणि दिला मिलिटॉरमध्ये, तर वायू साडेसात पट दाट होतो, कारण १ मिलिटॉर म्हणजे फक्त ०.१३३ पास्कल. व्होल्टेज: कोडला अ‍ॅम्प्लिट्यूड हवी असते आणि प्रयोगशाळेतून आलेला आकडा पीक-टू-पीक असतो, म्हणजे थेट दुप्पट. वायूची घनता स्वतः काढून द्यायची असेल तर दाब भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. १० पास्कल आणि ३५० केल्विनला ती दर घनमीटरला सुमारे २.०७ × १०^२१ येते. तुमच्या फाइलीतला आकडा याच्या आसपास नसेल तर चूक सापडली. जुन्या तक्त्यांतले क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्याची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) चौरस सेंटिमीटरमध्ये असतात, कोडला चौरस मीटर लागतात. तिथे दहा हजार पटींची चूक बसते, आणि मग प्लाझ्मा एकतर पेटतच नाही किंवा स्फोटासारखा वाढतो.

स्थैर्याचे आकडे, पण आजच्या घनतेवरून

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन सूत्रं वहीत लिहून ठेवा. डिबाय लांबी (ज्या अंतरापलीकडे एका कणाच्या भाराचा प्रभाव आसपासचे कण झाकून टाकतात), मीटरमध्ये = ७४३० × √(तापमान ÷ घनता). इथे इलेक्ट्रॉनचं तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणि घनता दर घनमीटरला. प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी (जागेवरून ढळलेले इलेक्ट्रॉन ज्या गतीने मागेपुढे हेलकावतात ती), रेडियन प्रतिसेकंद = ५६.४ × √घनता. ग्रिडचा एक सेल डिबाय लांबीहून लहान हवा, आणि प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी गुणिले टाइमस्टेप ०.२ पेक्षा कमी हवं.

आता गंमत बघा. सुरुवातीची घनता १०^१४ आणि तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं, तर डिबाय लांबी १.३ मिलिमीटर येते आणि टाइमस्टेप ३५५ पिकोसेकंदांपर्यंत चालतो. विद्यार्थी हे आकडे बघून निवांतपणे ग्रिड ठरवतो. रन पुढे जातो, घनता १०^१६ वर पोचते. आता डिबाय लांबी ०.१३ मिलिमीटर आणि टाइमस्टेपची मर्यादा ३५ पिकोसेकंद. दोन्ही दहा पटींनी आकसल्या. रन सुरू करताना जो वैध होता तो मधेच कधीतरी अवैध झाला, आणि कोडने हूं की चूं केलं नाही.

पुढे काय होतं ते समजून घ्या. सेलपेक्षा बारीक रचना ग्रिडला दिसत नाही, ती खोट्या लांब लहरींच्या रूपाने क्षेत्रात मिसळते आणि इलेक्ट्रॉनना नसलेली ऊर्जा देते. इलेक्ट्रॉन तापतात, आयनीकरण वाढतं, घनता वाढते, डिबाय लांबी आणखी घटते, तापणं आणखी वाढतं. मंदावलेली वाढ पुन्हा वेग घेते ती यामुळे. ऊर्जा वायूतून आलेली नसते आणि आरएफ पुरवठ्यातूनही नसते. ती ग्रिडने दिलेली असते.

म्हणून हे आकडे सुरुवातीच्या नव्हे, आत्ताच्या कमाल घनतेवरून काढा. तापमानाच्या जागी सरासरी ऊर्जा टाकू नका. तापमान म्हणजे सरासरी ऊर्जेचे दोन तृतीयांश. हा फरक विसरला की डिबाय लांबी सव्वापटीच्या जवळपास मोठी दिसते आणि काठावरचा रन पास झाल्यासारखा वाटतो.

एडुपिक या बाबतीत शहाणा आहे. मोजमापाचा रन संपला की तो वरच्या दोन्ही अटी आणि टकरींची संभाव्यता ०.०५ खाली आहे का ते तपासतो. अट मोडली असेल तर मोठ्या अक्षरात बजावतो आणि बाकीचे निकाल जतनच करत नाही. निकाल मिळत नाहीत म्हणून हा तपासणीचा भाग कोडमधून काढून टाकणारेही भेटतात. म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच घराबाहेर काढायचं! वॉर्पएक्समध्येही टकरींच्या भागात टाइमस्टेप फार मोठा असेल तर रन थांबतो. तिथेही टाइमस्टेप कमी करा, अटीला हात लावू नका.

तिसरी अट थोडी सैल आहे: एका टाइमस्टेपमध्ये इलेक्ट्रॉनने एका सेलपेक्षा जास्त उडी मारू नये. एडुपिकच्या मूळ मांडणीत २५ मिलिमीटरच्या अंतरात ४०० ग्रिड-बिंदू आणि दर सायकलला ४००० टाइमस्टेप आहेत. त्यात सुमारे ३३ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे इलेक्ट्रॉन या अटीत बसतात. त्याहून वेगवान थोडे असले तर चालतं. इलेक्ट्रोडवरून सुटलेले दुय्यम इलेक्ट्रॉन शीथमध्ये (इलेक्ट्रोडलगतचा तीव्र क्षेत्राचा पातळ थर) शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्ट कमावत असतील आणि आयनीकरणाचा मोठा वाटा त्यांचाच असेल, तर मात्र ऊर्जेचं वितरण काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कसोटी सोपी: सेल आणि टाइमस्टेप दोन्ही निम्मे करून नव्याने रन लावा. घनता तीच आली तर ग्रिड निर्दोष. बदलली तर आणखी निम्मे करा.

कण पुरेसे आहेत का

कमी कण म्हणजे जास्त गोंगाट, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट ही की टकरी जोडल्या की परिस्थिती बिघडते. टर्नर यांनीच २००६ मध्ये दाखवलं होतं की मॉन्टे कार्लो टकरींमुळे सांख्यिक गोंगाटाचा परिणाम वाढतो आणि इलेक्ट्रॉनच्या ऊर्जावितरणाचा आकार बिघडू शकतो. टकरी नसलेल्या प्लाझ्मासाठी चालणारी कणसंख्या इथे पुरेलच असं नाही. वितरणाची शेपटी थोडी फुगली तरी आयनीकरणावर परिणाम होतो, कारण आर्गॉनचं आयनीकरण १५.८ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुरू होतं आणि ती ऊर्जा शेपटीतल्या मोजक्या इलेक्ट्रॉनकडेच असते.

२०१३ च्या चाचण्या सुरू करताना दर सेलला ५१२, २५६, १२८ आणि ६४ कण घेतले होते. आकडा उतरता दिसतो, पण सेलही बारीक होत गेले आहेत: १२८ पासून ५१२ पर्यंत. ‘दर सेल शंभर कण’ असला ठोकताळा ऐकू नका. सुपरपार्टिकलचं वजन निम्मं करा, कण दुप्पट होतील, आणि घनता हलते का बघा. कोडमध्ये कण एकत्र करण्याची सोय चालू असेल तर एक रन ती बंद करून घ्या.

प्लाझ्मा पेटत नसेल तरीही हीच जागा बघा. सुरुवातीची घनता फारच कमी असली की शीथ तयार होत नाही आणि पूर्ण व्होल्टेज मधल्या जागेत पसरतं. २५ मिलिमीटरमध्ये २५० व्होल्ट, म्हणजे मीटरला १०,००० व्होल्ट. एवढ्या क्षेत्रात, टकरी सोडून दिल्या तर, इलेक्ट्रॉनचं दोलन सुमारे २४ सेंटिमीटरचं होतं. जागा आहे अडीच सेंटिमीटर. टकरींनी हे दोलन आखडतं, पण अंतरापेक्षा मोठंच राहतं, आणि इलेक्ट्रॉन भिंतीवर झाडले जातात. सुरुवातीची घनता दहापट करून बघा. स्थिर अवस्था सुरुवातीवर अवलंबून नसावी, त्यामुळे यात लबाडी काही नाही.

क्रॉस-सेक्शनचा तक्ता

इथून पुढे वेळ लागतो. ‘एलएक्सकॅट’ या खुल्या संग्रहातून तक्ता उतरवून घेणं सोपं आहे, तो नीट वाचणं अवघड.

नेहमीचा सापळा: तक्त्यात ‘इलॅस्टिक’ (अणूला उत्तेजित किंवा आयनीकृत न करणारी टक्कर) लिहिलंय की ‘इफेक्टिव्ह’? इफेक्टिव्ह आकड्यात उत्तेजन आणि आयनीकरणही मिसळलेलं असतं. तोच आकडा इलॅस्टिक म्हणून दिला आणि वर उत्तेजन-आयनीकरण वेगळं जोडलं, तर त्या टकरी दोनदा मोजल्या जातात. दुसरं असं की कोड सर्व दिशांना सारखं विकिरण धरत असेल तर त्याला मोमेंटम-ट्रान्सफर (टकरीत संवेग किती बदलतो ते धरणारा) क्रॉस-सेक्शन द्यावा लागतो, एकूण नव्हे.

वॉर्पएक्सला तक्त्यातल्या ऊर्जा समान अंतरावर लागतात, आणि संग्रहातले तक्ते तसे नसतात. स्वतः इंटरपोलेशन करून द्या, पण उंबरठ्याजवळ पायरी पुरेशी बारीक ठेवा. तक्ता जिथे संपतो त्याच्या पुढे शेवटचीच किंमत वापरली जाते. तेव्हा १०० इलेक्ट्रॉनव्होल्टला संपणारा तक्ता ४५० व्होल्टच्या डिस्चार्जला देऊ नका.

आयनांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आर्गॉनचा आयन आर्गॉनच्याच अणूवर आदळतो तेव्हा वस्तुमान-केंद्राच्या चौकटीतली ऊर्जा प्रयोगशाळेच्या चौकटीतल्या ऊर्जेच्या निम्मी असते. तक्ता एका चौकटीतला आणि कोड दुसऱ्या चौकटीतला, असं झालं की आयनांची गती चुकते, भिंतीकडे जाणारा प्रवाह चुकतो आणि घनता भलतीकडे जाऊन बसते. विद्युतभाराची देवाणघेवाण होणारी टक्कर विसरली तर चूक आणखी मोठी.

कडा, कंपायलर, रँडम आकडे

भिंतीजवळ घनता अचानक निम्मी दिसत असेल तर घाबरू नका. कडेच्या ग्रिड-बिंदूला अर्धाच सेल मिळतो, त्यामुळे तिथली घनता दुप्पट करून घ्यावी लागते. एडुपिक ते करतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या डायग्नोस्टिकमध्ये ते राहिलेलं असू शकतं. दुय्यम इलेक्ट्रॉनचा गुणांक शून्य करून एक रन घ्या. वाढ तिथेच थांबली तर कारण सापडलं, आणि ते भौतिक असण्याचीच शक्यता जास्त.

अनेक प्रोसेसवर रन लावत असाल तर सगळ्यांना एकच रँडम बीज मिळत नाही ना ते बघा. प्रत्येक प्रोसेसमध्ये टकरींचा तोच क्रम चालला तर कण वाढवूनही गोंगाट अपेक्षेइतका घटत नाही. तीच केस एका प्रोसेसवर चालवून सरासरी घनता ताडून पाहा. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत, जुळायची गरजही नाही. कंपायलरचे वेगासाठीचे धाडसी पर्याय आणि सिंगल प्रिसिजन दोन्ही बंद करून एकदा बघा.

प्रमाण-चाचणी

एवढं करून गाठ सुटली नाही तर टर्नर यांची पहिली चाचणी लावा: हीलियम, ६.७ सेंटिमीटर अंतर, ४ पास्कल, ४५० व्होल्ट, १२८ सेल, दर सायकलला ४०० टाइमस्टेप. मध्यभागी आयनांची घनता सुमारे १.४ × १०^१४ यायला हवी. वॉर्पएक्सच्या उदाहरणांमध्ये ही चाचणी तयार मिळते. एडुपिक आर्गॉनसाठी असल्याने त्यात हीलियमची टकरींची माहिती स्वतः घालावी लागेल. त्यापेक्षा तिथे मूळ, न बदललेला कोड चालवून बघणं शहाणपणाचं.

तुमच्या मशिनवर मूळ कोड बरोबर उत्तर देतो आणि तुमची केस देत नाही, तर दोष तुमच्या बदलांत किंवा इनपुटमध्ये आहे. मूळ कोडच चुकीचं उत्तर देतो, तर दोष कंपायलर, लायब्ररी किंवा मशिनमध्ये आहे, आणि घनतेची सूत्रं तपासत बसण्यात अर्थ नाही.

कुठे थांबायचं

मूळ कोड चाचणीत नापास होत असेल आणि लायब्ररी नव्याने बसवूनही फरक पडत नसेल, तर क्लस्टरच्या अ‍ॅडमिनकडे जा. तिथे तुमचं प्लाझ्माचं ज्ञान कामाचं नाही.

घनता १०^१८ च्या घरात जाणार असेल तर साध्या एक्स्प्लिसिट पीआयसीचा (पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या स्थितीवरून काढणाऱ्या) नाद सोडा. ३ इलेक्ट्रॉनव्होल्टला डिबाय लांबी तिथे १३ मायक्रोमीटर येते. १० सेंटिमीटरच्या द्विमितीय चौकोनाला सहा कोटींच्या आसपास सेल लागतील, आणि प्रत्येक सेलमध्ये कण वेगळेच. इम्प्लिसिट किंवा ऊर्जा जपणारी पद्धत लागेल, आणि ती निवडायला संख्यात्मक पद्धतींत काम केलेला माणूस लागेल. वातावरणीय दाबाचा डिस्चार्ज असेल तर फ्लुइड मॉडेल (प्लाझ्मा कणांऐवजी प्रवाहासारखा मानणारं) जाणणाऱ्याला आधी विचारा. कदाचित पीआयसीची गरजच नसेल.

ग्रिड, टाइमस्टेप, कणसंख्या सगळं बदलून घनता तिथल्या तिथे राहते, पण प्रयोगाशी जुळत नाही, अशी वेळही येते. तेव्हा कोडला हात लावू नका. गणित बरोबर आहे, मॉडेलमध्ये काहीतरी राहिलं आहे: मेटास्टेबल अणू (बराच वेळ उत्तेजित राहणारे), वायूचं तापणं, बाहेरचं सर्किट. हे मार्गदर्शकासोबत बसून ठरवायचं काम आहे.

आणि न बदललेल्या कोडमध्ये खरंच चूक दिसत असेल तर डेव्हलपरना कळवा. पाठवताना पूर्ण इनपुट फाइल, कोडची नेमकी आवृत्ती, कंपायलर आणि त्याचे पर्याय, एका प्रोसेसवरचा आणि अनेक प्रोसेसवरचा निकाल, आणि सेल-टाइमस्टेप निम्मे केल्यावरचा कणसंख्येचा आलेख जोडा. ‘घनता थांबत नाही’ एवढंच लिहिलं तर पहिल्या उत्तरात हेच सगळं मागतील.